उन्हाळ्यातलं रायडिंग गियर आणि बाईकचे अपग्रेड: ठाणे-नवी मुंबईच्या रायडर्सचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च लागला की हेच प्रश्न यायला सुरुवात होते, ते जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत चालू राहतात. कुणी घोडबंदर रोडवरून रोज ऐरोलीला जातं, कुणी खारघरहून ठाण्याला येतं, कुणाला सुट्टीत माळशेज करायचा असतो. मी स्वतः कासारवडवली ते महापे रोज बाईकने करतो, त्यामुळे इथली उत्तरं याच उकाड्यातली आहेत. एकाच गोष्टीचा संबंध दुसऱ्या प्रश्नाशी येतो तिथे त्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. एवढ्या उकाड्यात जॅकेट खरंच लागतं का? मी तर फक्त ऑफिसला जातो, टूरिंग वगैरे करत नाही.

लागतं. माझ्या मते ऑफिसवाल्यालाच जास्त लागतं, कारण टूरवाला महिन्यातून एकदा निघतो आणि तुम्ही महिन्यात चाळीस-पन्नास वेळा माजिवड्यातून जाता. मी पडलो तो ऑफिसला जातानाच पडलो. एप्रिल महिना, सकाळची वेळ, मानपाड्याच्या आसपास रस्त्याच्या कामाच्या पत्र्यांना लागून रेती सांडलेली होती, पुढचं चाक सरकलं, स्पीड फार तर तीस-पस्तीस असेल. अंगात हाफ शर्ट. डाव्या कोपरापासून मनगटापर्यंत सालपट निघालं, तळहात सोलला, आणि मग तीन आठवडे ड्रेसिंग. मे महिन्याच्या घामात उघडी जखम किती झोंबते ते ज्याने सोसलंय त्यालाच माहिती. त्या तीन आठवड्यांच्या मानाने जॅकेटचा घाम काहीच नाही.

आता उकाड्याचं बोलू. आपल्याला जॅकेटचा त्रास होतो तो बहुतेक चुकीच्या जॅकेटमुळे होतो, म्हणजे रेनलायनर (पावसासाठीचं आतलं अस्तर) आत तसाच ठेवलेला असतो किंवा थंडीचं टेक्सटाइल जॅकेट उन्हाळ्यात घातलेलं असतं. नीट मेश, म्हणजे जाळीदार कापडाचं जॅकेट असेल तर गाडी चाळीसच्या वर गेली की आतून वारं फिरतं आणि घाम सुकून गार वाटतं. सिग्नलला थांबलं की गरम होणारच, ते कुठलंच जॅकेट थांबवू शकत नाही, तिथे पुढची चेन छातीपर्यंत उघडा आणि निघताना परत लावा.

२. माझं बजेट साधारण १५ हजार आहे. आधी गियर घेऊ की बाईकचं काम करू?

आधी टायर बघा. गुळगुळीत झाले असतील किंवा रबराला बारीक चिरा पडल्या असतील तर पहिला पैसा तिथे, कारण तुम्ही पडूच नये हे काम टायर आणि ब्रेक करतात. ते ठीक असतील तर सगळं बजेट अंगावर घाला. चांगलं फुल फेस हेल्मेट साधारण तीन ते पाच हजार, ग्लोव्हज दीड-दोन हजार, उरलेल्यात सुरुवातीचं मेश जॅकेट येतं. गुडघ्याचे गार्ड पुढच्या महिन्यात.

सायलेन्सर, फॉग लाइट, रंगीत लीव्हर हे सगळं यानंतर. मला बऱ्याच जणांचे मेसेज येतात की बाईकवर चाळीस हजारांचं काम झालंय आणि आता हेल्मेट हजाराच्या आतलं सुचवा. कृपा करून असं करू नका, मला खरंच वाईट वाटतं.

३. हेल्मेटवर आयएसआय, डॉट, ईसीई असं काय काय लिहिलेलं असतं. नक्की कुठलं बघायचं?

भारतात आयएसआय मार्क सक्तीचा आहे, १ जून २०२१ पासून त्याशिवायचं दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं बेकायदेशीर आहे. मानक आहे आयएस ४१५१. मार्कच्या वर हा नंबर असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव दिसतं. फ्लायओव्हरखाली चादरीवर मांडलेल्या हेल्मेटवर पण आयएसआयचा स्टिकर असतो, म्हणून नंबर तपासायचा. दोन मिनिटांचं काम आहे.

ईसीई हे युरोपचं मानक, त्यातलं नवीन व्हर्जन २२.०६. यात हेल्मेट जास्त ठिकाणी आणि वेगवेगळ्या स्पीडला आपटून बघतात, तिरक्या माराची पण टेस्ट आहे. हनुवटीच्या पट्ट्यावर शिवलेलं लेबल असतं, गोलात ई आणि देशाचा आकडा, त्याखालचा नंबर ०६ ने सुरू झाला तर २२.०६ आणि ०५ ने सुरू झाला तर जुनं २२.०५. डॉट अमेरिकेचं आहे, त्यात कंपनी स्वतःच जाहीर करते की आमचं हेल्मेट पास आहे, त्यामुळे नुसत्या डॉटच्या स्टिकरवर मी विश्वास ठेवत नाही. आयएसआय आणि ईसीई दोन्ही असलेली हेल्मेटं आता चार-पाच हजारात मिळतात, ते सगळ्यात बरं.

मात्र सर्टिफिकेटपेक्षा आधी साइज. हेल्मेट घालून, पट्टा लावून डोकं हलवलं तर गालाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. आत बोटं जात असतील तर मोठं होतंय. नवीन हेल्मेट थोडं घट्टच असतं, महिनाभरात फोम बसतो. सैल घेतलं तर ते अजून सैल होतं.

४. फुल फेसमध्ये जीव गुदमरतो, हाफ फेस चालेल का? आणि मॉड्युलर?

हाफ फेसमध्ये हनुवटी आणि जबडा उघडा राहतो, आणि पडताना तोंड आपटणं काही दुर्मीळ नाही. त्यामुळे फुल फेस. गुदमरतं ते व्हेंट नावापुरते असतात म्हणून. दुकानात व्हेंट उघडा आणि आतून बघा, थर्माकोलमध्ये पुढून मागे नाळ्या काढलेल्या आहेत का आणि मागे हवा बाहेर जायला भोक आहे का. कित्येक स्वस्त हेल्मेटमध्ये वर प्लास्टिकचा व्हेंट असतो आणि खाली सलग थर्माकोल, मग हवा जाणार कुठून.

मॉड्युलर म्हणजे पुढून उघडणारं, ते सिग्नलला बरं वाटतं, चष्मावाल्यांना पण सोपं जातं. वजनाला जड असतं. आणि चालू गाडीवर उघडं ठेवून जाणारे मी रोज बघतो, ते करायचं नाही, त्यासाठी वेगळं सर्टिफिकेट लागतं आणि ते सगळ्या मॉड्युलरला नसतं.

५. हेल्मेटमुळे केस गळतात का? वास पण येतो.

हेल्मेटने केस मुळातून गळत नाहीत. घाम साचून कोंडा, खाज होते, आणि घट्ट हेल्मेट खसकन ओढून काढलं की केस तुटतात. आत पातळ बालाक्लावा (डोकं, तोंड आणि मान झाकणारी टोपी) किंवा कॉटनची कॅप घाला, दोन ठेवा, रोज धुवा. हेल्मेटचं लायनर निघणारं असेल तर उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी साध्या शाम्पूने कोमट पाण्यात धुवायचं आणि सावलीत सुकवायचं. शेलला, म्हणजे बाहेरच्या कवचाला पेट्रोल, थिनर अजिबात लावू नका, पॉलिकार्बोनेट त्याने कमजोर होतं आणि वरून कळत पण नाही. आरशावर हेल्मेट अडकवायची सवय असेल तर ती पण सोडा, आतला थर्माकोल तेवढ्या जागी दबतो.

६. मेश जॅकेट घ्यायला गेलो तर दुकानदार सगळ्यालाच मेश म्हणतो. ओळखायचं कसं?

उजेडासमोर धरा. छाती, पाठ आणि हाताच्या आतल्या बाजूने आरपार उजेड दिसला तर मेश. खांदा, कोपर आणि हाताच्या बाहेरच्या बाजूला मात्र जाड कापड पाहिजे, कारण घसरताना तेच डांबराला लागतं. तिथेही जाळीच असेल तर ते जॅकेट वाऱ्यासाठी आहे, पडण्यासाठी नाही. शिवण बघा, महत्त्वाच्या जागी दोन-तीन ओळींची पाहिजे.

लेबलवर ईएन १७०९२ (ईएन म्हणजे युरोपचं मानक) आणि पुढे ए, एए किंवा एएए असतं. एएए सगळ्यात मजबूत, ते बहुतेक लेदरचे सूट असतात. एए टूरिंगला. ए हा वर्ग शहरातल्या आणि गरम हवेतल्या वापरासाठीच आहे, मेश जॅकेट बहुतेक यात येतात. सी वर्ग म्हणजे नुसते आर्मर (मार झेलणारे पॅड) धरून ठेवणारी जाळी, तिला घसरण्यापासून संरक्षण म्हणून मोजू नका. रोजच्या ठाणे-बेलापूर रोडला ए वर्गाचं जॅकेट मी बिनधास्त घालतो, लांबच्या हायवेला एए असेल तर जास्त बरं.

रंग शक्यतो फिका, म्हणजे करडा किंवा पांढरा पट्टा असलेला. काळं ऊन जास्त धरतं आणि रात्री उरण फाट्याकडच्या कंटेनरवाल्याला तुम्ही दिसत पण नाही.

७. आर्मर लेव्हल १ आणि लेव्हल २ मध्ये काय फरक? उन्हात ते मऊ पडतं म्हणतात.

कोपर, खांदा, गुडघ्याच्या आर्मरला ईएन १६२१-१ हे मानक लागतं. ठराविक जोराने हाणल्यावर पलीकडे किती बळ पोचतं ते मोजतात. लेव्हल १ मध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल २ मध्ये २० च्या आत पाहिजे. पाठीचं मानक वेगळं, १६२१-२, त्यात लेव्हल १ ला १८ आणि लेव्हल २ ला ९. म्हणजे लेव्हल २ चा फरक चांगलाच मोठा आहे, पण ते जरा जाड असतं आणि पाठीवर घाम जास्त येतो. भोकं पाडलेलं लेव्हल २ घ्या.

मऊ पडण्याचं म्हणणं बरोबर आहे. हे फोम असं बनवलेलं असतं की हळू दाबलं तर मऊ आणि जोरात आदळलं तर कडक, आणि तापमान बदललं की त्याची वागणूक बदलते. म्हणून आर्मरवर टी+ असं छापलेलं बघा, त्याचा अर्थ ते ४० अंशाला पण टेस्ट पास झालंय. टी- म्हणजे उणे १० अंशाला पास, ते लडाखवाल्यांनी बघावं. आपल्याकडे टी+ महत्त्वाचं आणि दुकानात हे क्वचितच कुणी विचारतं.

अजून एक, कित्येक जॅकेटमध्ये पाठीला आर्मर म्हणून नुसता स्पंज घातलेला असतो. काढून बघा. कुठलंच छापील मार्किंग नसेल तर तो जागा भरायला आहे, तो काढून खरा पाठीचा आर्मर टाका.

८. ग्लोव्हज नको वाटतात, हात घामाने भिजतो. हाफ फिंगर चालतील?

नाही. पडताना माणूस आधी हात टेकवतो, ते आपल्या ताब्यात नसतं. माझा तळहात असाच गेला. बोटं उघडी असतील तर बोटं सोलतात. उन्हाळ्यासाठी वरून मेश आणि तळव्याला लेदर असलेले शॉर्ट कफ ग्लोव्हज घ्या, तळव्याच्या टाचेवर कडक स्लायडर पाहिजे, म्हणजे हात रस्त्याला चिकटून मनगट मोडण्याऐवजी सरकतो. मनगटाचा पट्टा घट्ट लागला पाहिजे, नाहीतर पडताना ग्लोव्हच निघून जातो. मानक ईएन १३५९४. घामाने भिजले तर दोन जोड्या ठेवा, जाताना एक येताना दुसरी. हातावर चढवायच्या त्या कापडी बाह्या उन्हापासून वाचवतात, पडल्यावर त्यांचा काही उपयोग नाही.

९. पँट आणि बूटांचं काय? ऑफिसला रायडिंग पँट घालून कसं बसणार?

दोन रस्ते आहेत. एक, साइडने पूर्ण चेन उघडणारी मेश ओव्हरपँट, ती फॉर्मलवरून चढवायची आणि पार्किंगमध्ये काढायची. दोन, गुडघा-नडगीचे गार्ड पँटच्या आत किंवा वरून. मी गार्डवाला आहे, बॅगेत कमी जागा खातात. साधी जीन्स जाड दिसते पण डांबरावर फार वेळ टिकत नाही, त्यामुळे जीन्स आहे म्हणून निश्चिंत राहू नका.

बूट घोट्याच्या वर येणारे, लेस आत खोचता येतील असे. चप्पल आणि सँडल नको, सायलेन्सरचा चटका आणि साइड स्टँड दोन्हीने पायाची बोटं जातात. ऑफिसचे बूट ड्रॉवरमध्ये ठेवायचे.

जॅकेट ठेवायला जागा नाही अशी तक्रार खूप येते. पार्किंगमध्ये हेल्मेट लॉकची केबल जॅकेटच्या बाहीतून घालून हेल्मेटसकट लावता येते, फक्त सीटवर उन्हात तळत ठेवू नका.

१०. जॅकेटच्या आत कॉटनचा टी-शर्ट चांगला की ड्रायफिट?

ड्रायफिट. कॉटन घाम पिऊन अंगाला चिकटतं आणि तसंच ओलं राहतं, त्यातून घामोळं. पातळ सिंथेटिक बेसलेयर, म्हणजे अंगालगतचा टी-शर्ट, घाम पसरवतो आणि मेशमधून आलेलं वारं तो सुकवतं. फुल बाह्यांचा घ्या, म्हणजे आर्मर कातडीला घासत नाही. पण तोच सिंथेटिक टी-शर्ट जॅकेटशिवाय घालून गाडी चालवू नका, घसरताना घर्षणाने तो वितळून कातडीला चिकटू शकतो.

११. पाण्याने भिजवायचं कूलिंग वेस्ट मिळतं, ते ठाण्यात उपयोगी आहे का?

फारसं नाही. त्याचं सगळं काम पाणी उडून जाण्यावर आहे आणि आपल्या हवेत मे महिन्यात दमटपणा बरेचदा ६० टक्क्यांच्या वर असतो, पाणी उडतच नाही, नुसतं ओलं फडकं अंगावर घेतल्यासारखं होतं. तेच वेस्ट नाशिकच्या पुढे, धुळ्याकडे किंवा विदर्भात मस्त चालतं. पैसे तिकडच्या टूरसाठी वाचवा.

१२. मे मध्ये नागपूरला बाईकने जायचंय. पूर्ण मेश चालेल ना?

इथे नियम उलटा होतो. बाहेरची हवा आपल्या कातडीपेक्षा गरम झाली, म्हणजे साधारण ३५-३६ च्या वर गेली, की वारं तुम्हाला गार करत नाही, उलट तापवतं. गार फक्त घाम सुकण्याने होतं. ४३-४४ अंशाला कोरड्या हवेत पूर्ण मेश घातलं तर घाम यायच्या आधीच उडतो, तुम्हाला घाम आलाच नाही असं वाटतं आणि दोन तासात डोकं दुखायला लागतं. तिकडे व्हेंट थोडे बंद ठेवायचे, आत भिजवलेला टी-शर्ट किंवा प्रश्न ११ मधलं वेस्ट घालायचं, गळ्याला ओला रुमाल, आणि दर तासाला थांबायचं. शक्य असेल तर पहाटे चारला निघून अकरापर्यंत जेवढं होईल तेवढं कापा, दुपारी सावलीत झोपा.

आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि अटल सेतूवर पण नाही. मॅप लावताना टू-व्हीलर मोडवर ठेवा. कसारा घाट चढून धुळ्याच्या बाजूने जाणारे बरेच आहेत.

१३. कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये बाईक तापते, पायाला चटके बसतात. कुठला अपग्रेड करू?

आधी मेंटेनन्स, अपग्रेड नंतर. एअर-कूल्ड बाईक वाऱ्यावर गार होते, उभी राहिली की तापणारच, म्हणून लांब सिग्नलला बंद करा. इंजिनाच्या बाहेरच्या धातूच्या पट्ट्यांमध्ये (फिन) चिखल-तेलाचा थर बसला असेल तर धुवून घ्या, पण इंजिन गार झाल्यावरच. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं टाका. उन्हाळा आहे म्हणून १०डब्ल्यू-३० च्या गाडीत २०डब्ल्यू-५० टाकायला सांगणारे गॅरेजवाले आहेत, मी टाकत नाही, मी तेच ग्रेड थोडं लवकर बदलतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाईकच्या ऑइलचं मानक) पाहिजे, कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरायला लागतो.

लिक्विड-कूल्ड असेल तर कुलंटची लेव्हल गार इंजिनावर बघा. कमी असेल तर नळाचं पाणी किंवा बिसलेरी ओतू नका, आत क्षार बसतात, तयार कुलंटच टाका. रेडिएटरच्या जाळीत कचरा, किडे अडकले असतील तर मागून पुढे हलक्या पाण्याने काढा. फॅन लागतोय का ते बघा. यानंतरही पाय भाजत असेल तर सायलेन्सर पाइपचं हीट शील्ड जागेवर आहे का ते बघायचं, सर्व्हिसला काढलेलं परत बसवायचं राहून जातं. माझ्या बाईकचं असंच राहिलं होतं, एका गॅरेजमध्ये, आणि मी दोन महिने इंजिनाला दोष देत होतो.

१४. उन्हाळ्यात टायरची हवा कमी ठेवायची का? पंक्चरवाला म्हणतो नाहीतर फुटेल.

कमी करू नका, हा गैरसमज उलट धोक्याचा आहे. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, दर फेऱ्याला वाकतो आणि त्या वाकण्यानेच जास्त तापतो. मॅन्युअलमधला आकडा गार टायरचा असतो, म्हणजे सकाळी निघताना मोजलेला. चालवल्यावर प्रेशर दोन-चार पीएसआय वाढतं ते धरूनच आकडा दिलेला आहे, तापलेल्या टायरमधून हवा सोडायची नाही. खिशातला गेज घ्या, चारशे-पाचशेचं काम आहे, पंपावरचे गेज एकसारखे नसतात.

नवीन टायर घेताना साइडवॉलवर डॉटपुढचे शेवटचे चार आकडे बघा, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षं झालेला टायर नक्षी असली तरी मी घेत नाही. मागे रुंद टायर टाकायचा मोह खूप जणांना होतो, त्याच रिमवर तो चिमटतो, आकार बदलतो आणि वळताना गाडी जड होते. त्यापेक्षा त्याच साइजचा चांगल्या ग्रिपचा टायर टाका, पैसे टाकण्यासारखा अपग्रेड हाच.

१५. ब्रेकमध्ये काही करण्यासारखं आहे का?

ब्रेक ऑइल बदला. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा ग्रेड) हवेतला दमटपणा शोषून घेतं, आणि आपली हवा तर खाडीकाठची. ताजं असताना ते २३० अंशापर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर तोच आकडा १५५ च्या आसपास येतो. माळशेज उतरताना सारखा ब्रेक दाबून ते तापलं, आत वाफ झाली, की लीव्हर नुसता आत जातो. दोन वर्षांनी बदलायचंच. त्याबरोबर चांगले पॅड आणि घाटात इंजिन ब्रेकिंग, म्हणजे ज्या गियरमध्ये चढलात साधारण त्याच गियरमध्ये उतरायचं.

१६. सायलेन्सर, एलईडी, फॉग लाइट, काय बदललं तर पोलीस पकडतात?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या आणि कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. कलम १८२ए मध्ये मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आवाज करणारा सायलेन्सर यात सरळ येतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी रात्री अकराला मानपाड्यात आजारी माणसं, लहान मुलं झोपलेली असतात.

हेडलाइटमध्ये हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब टाकला की प्रकाश भरकटतो, कारण तो रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेची जागा धरून बनवलेला असतो. तुम्हाला वाटतं उजेड वाढला, समोरच्याला काहीच दिसत नाही. जास्तीचे लाइट लावून त्यांची वायरिंग हेडलाइटच्या वायरला सोलून जोडणं हा आगीचा धोका आहे, आणि कंपनीची वायर कापली की वॉरंटीवरून वाद होतो. इन्शुरन्सला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी नडतो.

एक बदल लोकांना बदलच वाटत नाही, तो म्हणजे साडी गार्ड काढणं. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागच्या सीटला धरायला हँडल, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं गार्ड सक्तीचं आहे. लुकसाठी ते काढू नका. का ते प्रश्न १८ मध्ये.

१७. विंडशील्ड, एअर सीट, मोबाईल होल्डर यातलं उन्हाळ्यात काय कामाचं?

मोठं विंडशील्ड उन्हाळ्यात काढून ठेवा, ते छातीवरचं वारंच अडवतं आणि मेश जॅकेट वाया जातं. जाळीचं सीट कव्हर स्वस्त आणि खरंच कामाचं, खालून हवा फिरते, उन्हात उभ्या गाडीच्या सीटचा चटका पण कमी बसतो, फक्त ते घट्ट बांधा, सरकलं तर ब्रेक मारताना तुम्ही पुढे जाता. मोबाईल होल्डरवर दुपारी फोन तापून बंद पडतो. शिवाय इंजिनाच्या थरथरीने कॅमेरा बिघडू शकतो, ॲपलनेही २०२१ मध्ये तसं सांगितलंय, म्हणून डॅम्पर (थरथर शोषणारा भाग) असलेला होल्डर घ्या.

१८. बायको आणि पाच वर्षांचा मुलगा बरोबर असतात. त्यांना काय लागतं?

दोघांना बरोबर म्हणजे मागे दोन जण, ते कायद्याने चालत नाही आणि मुलाला टाकीवर बसवणं तर नकोच, ब्रेक लागला की त्याचं तोंड हँडलवर जातं. एका वेळी एकच. कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं, त्यामुळे मुलाला पण, आणि लहान मुलांच्या साइजचं. नऊ महिने ते चार वर्षांच्या बाळासाठी हेल्मेटबरोबर सेफ्टी हार्नेस आणि ताशी ४० ची मर्यादा असा नियम २०२३ पासून आहे.

वहिनींना हेल्मेट, ग्लोव्हज आणि जॅकेट तुमच्यासारखंच. साडी किंवा ओढणी असेल तर पदर पुढे घेऊन खोचलेला पाहिजे, ओढणी गाठ मारून जॅकेटच्या आत. मागच्या चाकात ओढणी गेली की ती गळ्याला आवळते आणि माणूस मागे खेचला जातो, म्हणून ते साडी गार्ड.

१९. मी मुलगी आहे, नेरुळ ते वाशी स्कूटर चालवते. ऊन लागू नये म्हणून स्टोल बांधते, त्यावर हेल्मेट बसत नाही.

ताई, जाड स्टोलवर हेल्मेट बसलं तरी ते सैलच बसतं, स्टोल सरकला की हेल्मेट सरकतं. पातळ बालाक्लावा घाला, फक्त डोळे उघडे राहतात आणि धुळीपासून पण बचाव होतो. अंबाडा किंवा वर बांधलेली पोनी असेल तर हेल्मेट वर उचललं जातं, वेणी खाली मानेपाशी बांधायची. लेडीज फिटची मेश जॅकेट आता मिळतात, पुरुषांच्या लहान साइजचं घेऊ नका, खांद्याचं आर्मर जागेवर राहत नाही. अंतर सात-आठ किलोमीटरच असलं तरी पाम बीचवर गाड्या कशा येतात ते तुम्ही रोज बघता.

२०. उन्हाळ्यात टाकी फुल केली तर स्फोट होतो म्हणतात?

नाही. तापमान दहा अंश वाढलं की पेट्रोल साधारण एक टक्का फुगतं आणि कंपनीने टाकीत तेवढी जागा सोडलेली असते. फक्त नोझल आपोआप कट झाल्यावर अजून थोडं म्हणून गळ्यापर्यंत भरू नका, जास्तीचं पेट्रोल बाहेर येतं किंवा कॅनिस्टरमध्ये (पेट्रोलची वाफ धरणाऱ्या डब्यात) जातं.

२१. गाडी चालवताना चक्कर आल्यासारखं झालं तर?

लगेच थांबा, पुढच्या सिग्नलपर्यंत म्हणू नका. सावली, जॅकेट-हेल्मेट काढा, मान, काखा, मनगट ओली करा, वारा घ्या. ओआरएस घोट घोट, नाहीतर मीठ घातलेलं ताक किंवा कोकम सरबत. नुसतं पाणी खूप प्यायल्याने घामातून गेलेलं मीठ भरून येत नाही. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग खूप तापलं, उभं राहता येत नाही, तर तो उष्माघात धरा, १०८ ला फोन करा आणि येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका. तहान लागायच्या आधी प्यायची सवय ठेवा, पाठीवरची दोन लिटरची हायड्रेशन बॅग लांबच्या राइडला फार उपयोगी पडते.

२२. काळी वायझर चालते का? दिवसा डोळ्यांवर फार ऊन येतं.

दिवसा ठीक, पण ऑफिसवरून येताना अंधार होतो हे विसरू नका. आत उतरणारी सनशेड असलेलं हेल्मेट घ्या किंवा क्लिअर वायझर लावून गॉगल घाला. मुंब्रा बायपासला रात्री काळ्या काचेने खड्डा दिसत नाही.

२३. जून आला की मेश जॅकेटचं काय करायचं?

तेच घालायचं, वरून सैल रेनकोट. आतलं रेनलायनर घातलं तर बाहेरचं जॅकेट भिजून जड होतं आणि रात्रभर सुकत नाही, मग बुरशी. पावसाळ्यानंतर जॅकेट ठेवून देताना आर्मर काढून, धुवून, पूर्ण सुकवून ठेवा.

२४. एकदा पडलो, हेल्मेटवर फक्त ओरखडा आहे. बदलायचं का? आणि वापरलेलं गियर घेतलं तर?

डोकं आत असताना हेल्मेट आपटलं असेल तर बदला, बाहेरून काही दिसत नसलं तरी. आतला थर्माकोल एकदाच चिरडून मार पितो, तो परत फुगत नाही. हातातून रिकामं हेल्मेट खाली पडलं असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही, आत तडा आहे का ते लायनर काढून बघा. पाच वर्षं रोजच्या घामात वापरलेलं हेल्मेट न पडताही बदलावं असं मी करतो. आर्मर आपटल्यावर चिरलेलं किंवा कायमचं दबलेलं असेल तर तेवढाच तुकडा वेगळा मिळतो.

वापरलेलं जॅकेट, पँट, बूट शिवण आणि आर्मर तपासून घ्यायला हरकत नाही, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला नवीन आर्मर स्वतंत्र मिळतो का विचारून बघा. वापरलेलं हेल्मेट मात्र ओळखीच्या माणसाचं असलं तरी घेऊ नका, ते आधी आपटलंय की नाही हे तुम्हाला बघून कळणार नाही.